काहील, चरक आणि 'सोबतची' गोळी : कोल्हापुरातलं एक हृदयतालाचं प्रकरण

आण्णा गुळव्या आहेत. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर तीस वर्षं काहिलीपुढं, म्हणजे उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईपुढं, उभे राहिलेले. रसाला उकळी कधी फुटली, मळी कधी काढायची, पाक कधी उतरवायचा हे ते डोळ्यांनी आणि वासानं ओळखतात. शेवटची खात्री मात्र बोटं गार पाण्यात बुडवून, चिमूटभर पाकाची गोळी वळून करतात. त्यांची परवानगी घेऊनच हे लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. "लिवा डॉक्टर, दुसऱ्या कुणाला तर उपेगी पडंल," एवढंच ते म्हणाले.

ठोके बिघडलेला रुग्ण समोर बसला की घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो: गोळ्यांवर भागेल, की तारेचं ऑपरेशन करावं लागेल? तारेचं म्हणजे शिरेतून तार हृदयात नेऊन बिघाडाची जागा भाजण्याचं. दोन्हीतलं एकच काहीतरी निवडायचं असतं, असा सगळ्यांचा समज. आण्णांच्या बाबतीत गोळीनं जे नवं दुखणं उभं केलं ते तारेनं मिटवलं, आणि तारेच्या हाती जे नव्हतं ते गोळीनं सांभाळलं. मधे माझ्याकडून एक चूक झाली. ती चूक हे प्रकरण लिहिण्याचं खरं कारण आहे.

पहिला हंगाम

जानेवारी 2022. रात्री दोनचं आधण काहिलीत होतं. आण्णांच्या छातीत धडधड सुरू झाली, धाप लागली, आणि पाक दुसऱ्याच्या हाती देऊन ते बाहेर बाजेवर बसून राहिले. सकाळी मुलानं गाडीवर बसवून माझ्याकडे आणलं. वय 56, वजन 88 किलो, रक्तदाब 150/94.

"आण्णा, काय होतंय?"

"छातीत काहील उकळल्यागत हुतंय. एकसारखं न्हाई, कुठनं बी बुडबुडा येतोय."

इतकं नेमकं वर्णन मला वैद्यकाच्या पुस्तकातही मिळालं नव्हतं. नाडीवर बोट ठेवलं तर एका ठोक्याचा दुसऱ्याशी मेळ नाही. ईसीजीत वरच्या कप्प्यांची लाट कुठेच नव्हती, नुसती थरथरणारी रेघ आणि तिच्यावर वेडेवाकडे उमटलेले ठोके, मिनिटाला 138. एट्रियल फिब्रिलेशन. आम्ही बोलताना ए-फिब म्हणतो. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात. त्यांच्यात मिनिटाला 350 ते 600 विद्युतलहरी फिरत असतात. सगळ्या खाली उतरल्या तर माणूस जागीच जाईल. पण वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये एव्ही नोड नावाचं नाकं असतं. ते थोड्या लहरी सोडतं, बाकीच्या अडवतं. हे नाकं लक्षात ठेवावं, पुढची सगळी गोष्ट त्याच्यापाशी येऊन थांबते.

विचारता विचारता कळलं की हे वर्षभर चाललं होतं. आठवड्यातून एकदा तरी, कधी तासभर, कधी रात्रभर. सगळ्यांनी पित्त म्हणून सांगितलं होतं आणि आण्णा सोडा पिऊन वेळ मारून नेत होते.

टूडी इकोत मी आधी मायट्रल झडप पाहिली. आपल्याकडे लहानपणीच्या सांधेतापानं ही झडप आकसलेले रुग्ण अजूनही येतात, आणि तसं असेल तर औषधाचा मार्गच बदलतो. अशा रुग्णांत रक्त पातळ करायला जुनी, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) तपासत घ्यायची गोळीच बरी, हे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस अभ्यासानंही दाखवलं. आण्णांच्या झडपा चांगल्या होत्या. हृदयाचा जोर 60 टक्के. डावा वरचा कप्पा किंचित मोठा, 42 मिलिमीटर. थायरॉईड आणि मूत्रपिंड ठीक.

ठोक्यांचा वेग आवरणारं मेटोप्रोलॉल सुरू केलं, रक्तदाबाची गोळी दिली आणि अपिक्साबान 5 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. थरथरत्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साकळतं, तिथली गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात होतो, अपिक्साबान त्यासाठी. पक्षाघाताची जोखीम आम्ही गुणांत मोजतो. आण्णांच्या जोखमीचा गुण एकच होता, रक्तदाबाचा. एका गुणाला ही गोळी द्यावी की नाही यावर मतं वेगळी असू शकतात. पण ताल पूर्ववत करायचे उपचार पुढं लागणार हे दिसत होतं, त्यात ती लागतेच, म्हणून मी थांबलो नाही.

ताल धरून ठेवणारी गोळी कोणती, यावर मात्र मी बराच विचार केला. हाताशी सहज असते ती अमिओडारोन. ती गुणाची आहे, पण तिच्या वजनाचा 37 टक्के भाग आयोडीन. 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडीन जातं, आणि शरीराची रोजची गरज आहे 150 मायक्रोग्रॅम. थायरॉईड, फुप्फुस, यकृत सगळ्यांवर नजर ठेवावी लागते आणि बंद केल्यावरही ती कित्येक आठवडे अंगात राहते. ज्यांचं हृदय कमजोर आहे त्यांना तिच्याशिवाय फारसा पर्याय नसतो. धडधाकट हृदयाच्या 56 वर्षांच्या माणसाला ती वर्षानुवर्षं चालवायची माझी तयारी नव्हती.

दुसरी फ्लेकेनाइड. या औषधाचा इतिहास प्रत्येक डॉक्टरला पाठ असतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवरच्या कास्ट अभ्यासात ते घेणाऱ्यांचे मृत्यू कमी व्हायच्या ऐवजी वाढले आणि 1989 मध्ये अभ्यासाचा तो भाग थांबवावा लागला. म्हणून धमन्यांत अडथळा असेल किंवा हृदयाचा स्नायू खराब असेल तर फ्लेकेनाइडचं नावही काढायचं नाही. आण्णांची सीटी अँजिओग्राफी केली. धमन्या स्वच्छ निघाल्या. मग इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्टशी, म्हणजे हृदयातल्या विजेच्या डॉक्टरांशी बोलून फ्लेकेनाइड सुरू केली. आधी 50, मग 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, मेटोप्रोलॉलच्या जोडीनं. प्रत्येक वाढीनंतर ईसीजी काढून खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची, म्हणजे क्यूआरएसची, रुंदी मोजली. 88 मिलिसेकंदांची 96 झाली. मूळ रुंदीच्या पाव पटीहून जास्त वाढली की थांबायचं असतं, आम्ही त्या हद्दीच्या आत होतो.

गुण आला. आठवड्याचा त्रास महिन्यावर गेला. पावसाळ्यात तर दोन महिने एकदाही नाही. आण्णांनी गुळाचा रवा आणून टेबलावर ठेवला.

ती रात्र

डिसेंबर 2022. आधण उतरायला आलं होतं. गुळाचा पाक उतरवतात तेव्हा तो 118 अंशांच्या आसपास तापलेला असतो, उकळत्या पाण्यापेक्षा बराच जास्त. पाण्याचं भांडं आण्णांच्या डाव्या हाताला होतं. बोटं बुडवली, पाक उचलला, आणि गोळी वळता वळता बोटं थांबली. चुलवाणात चिपाड सारणाऱ्या गड्यानं नंतर मला सांगितलं, "आण्णांची बोटं थांबत न्हाईत कवा. म्हून म्या वर बघितलं." आण्णा पुढं, काहिलीच्या बाजूला झुकत होते. त्या गड्यानं कंबरेला मिठी मारून त्यांना मागं ओढलं. दोघंही चिपाडाच्या ढिगावर पडले.

जवळच्या दवाखान्यातून शहरातल्या एका रुग्णालयात नेलं. नाडी लागत नव्हती म्हणण्याइतकी बारीक. ईसीजीत एकसारखे, रुंद ठोके, मिनिटाला 214. रुंद ठोक्याचा इतका वेग दिसला की तो खालच्या कप्प्यांतला जीवघेणा ताल आहे असंच धरायचं असतं. तिथल्या डॉक्टरांनी तेच धरलं आणि वेळ न घालवता शॉक दिला. ताल लगेच जागेवर आला. त्यांनी केलं ते शंभर टक्के बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी तो ईसीजी माझ्या हातात आला. 214 हा आकडा मला टोचत राहिला. आण्णांच्या खाटेशी जाऊन विचारलं, "गोळ्या सगळ्या चालू आहेत ना?"

"व्हय की. मुख्य गोळी एक दिस चुकलो न्हाई."

"आणि दुसरी? छोटी?"

"ती सोबतची व्हय? ती दिवाळीत सोडली. तिनं काहिलीपुढं पाय जड व्हायचे. तुमीच म्हनला हुता की ती नुसती सोबतची हाय."

मीच म्हणालो होतो. फ्लेकेनाइड लिहून देताना 'ही ठोक्याची मुख्य गोळी' आणि मेटोप्रोलॉलवर बोट ठेवून 'ही सोबतची', हे शब्द माझेच. सोबतची गोळी माणूस सोडतो, त्यात त्याचा काय दोष? त्यांच्या जागी मीही सोडली असती. ती सोबतीला नव्हती, राखणीला होती, आणि हे मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. त्या गड्याची नजर वर गेली नसती तर काय झालं असतं, हा विचार मला आजही सोडत नाही.

काय घडलं होतं ते सांगतो. फ्लेकेनाइड वरच्या कप्प्यांतल्या लहरींचा वेग मंदावतं. त्यानं कधी कधी ए-फिबची बेबंद थरथर मोडते आणि तिच्या जागी एकच मोठी लहर ठरलेल्या वाटेनं गोल गोल फिरायला लागते. त्याला एट्रियल फ्लटर म्हणतात. औषधाविना फ्लटर मिनिटाला 300 च्या आसपास असतो आणि एव्ही नोडचं नाकं दोनातली एक लहर सोडतं, म्हणून नाडी 150 लागते. फ्लेकेनाइडनं मंदावलेला फ्लटर मात्र 200 ते 220 वर येतो. ऐकायला हे बरं वाटतं, पण धोका इथेच आहे. तीनशे लहरी न पेलणाऱ्या नाक्याला दोनशे पेलतात, आणि ते एकेक लहर सगळी खाली सोडतं. वरचा वेग कमी झाला, पण खालचा 150 वरून 214 झाला. शिवाय या औषधाचा असर वेगाबरोबर वाढतो, त्यामुळे ठोके रुंद दिसतात आणि भल्याभल्यांना चकवतात. मेटोप्रोलॉल हे नाकं आवळून धरतं. आण्णांच्या अंगात दिवाळीपासून नाक्यावर राखणदारच नव्हता.

चरकाचा बैल

सहा आठवडे फ्लेकेनाइड बंद ठेवली. ए-फिब पुन्हा आठवड्याला यायला लागलं, एकदा सलग 20 तास. इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्टच्या सल्ल्यानं, रुग्णालयात मॉनिटरवर ठेवून, मेटोप्रोलॉलचा डोस दोन वेळांत विभागून आणि तो अंगवळणी पडल्यावरच फ्लेकेनाइड परत आणली. फेब्रुवारी 2023 मध्ये आण्णा स्वतःच चालत आले. "धडधड हाय, पन येगळी हाय. आता एकसारखी हाय. घड्याळ लावल्यागत."

नाडी 105, अगदी नियमित. ईसीजीत फ्लटरचे, करवतीसारखे दात उमटलेले, मिनिटाला 210. नाकं दोनातली एक सोडत होतं. यावेळी राखणदार जागेवर होता, म्हणून आण्णा चालत आले.

घरच्यांना हे समजावताना आण्णांचाच धंदा कामी आला. लहानपणी त्यांच्या गावात उसाचा रस काढायचा चरक बैल ओढायचे, इंजिनं नंतर आली. मी म्हटलं, "आण्णा, आधी काहील उकळत होती, कुठूनही बुडबुडा. गोळीनं उकळी बसली, पण त्याच जागेत आता एक बैल चरकाभोवती फिरतोय. एकच बैल, एकच वाट." उकळीला धरायला ठिकाण नसतं. बैलाला असतं. हा बैल उजव्या वरच्या कप्प्यात, ट्रायकस्पिड झडपेच्या कडेनं फिरतो, आणि त्या फेऱ्यात एक ठिकाण असं आहे जिथे त्याला झडप आणि खालून येणारी महाशीर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतूनच जावं लागतं. तिथे तारेच्या टोकानं आडवी रेघ भाजली की वाट बंद. मुलगा पटकन म्हणाला, "म्हणजे खिंड अडवायची." पन्हाळ्याच्या बाजूच्या पोराला खिंड वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता निर्णय. तीन वाटा होत्या. एक, गोळी फसली असं धरून ती बंद करायची आणि थेट ए-फिबच्या मुळावर, म्हणजे डाव्या बाजूच्या फुप्फुसशिरांवर, तारेचा उपचार करायचा. दोन, फक्त उजवीकडची खिंड बंद करायची आणि फ्लेकेनाइड व मेटोप्रोलॉल चालू ठेवायचं. तीन, दोन्ही उपचार एकाच बैठकीत.

फुप्फुसशिरांचं महत्त्व 1998 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉ. मिशेल हायसागेर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. 45 रुग्णांत ए-फिब सुरू करणाऱ्या 69 जागा त्यांना सापडल्या, आणि त्यातल्या 94 टक्के जागा फुप्फुसांतून डाव्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या आत होत्या. तेव्हापासून त्या शिरांभोवती वर्तुळाकार भाजून त्यांना विजेच्या दृष्टीनं तोडणं हा ए-फिबचा मुख्य तारेचा उपचार ठरला. आजच्या घडीला अशा रुग्णात बरेच तज्ज्ञ तिसरी वाट धरतील, आणि त्यात चूक काही नाही.

आम्ही दुसरी धरली. फ्लेकेनाइडनं ए-फिबला खरोखर आवरलं होतं. तिनं उभा केलेला फ्लटर हा तिचा पराभव नव्हता, तिच्या यशाची ती विकृत बाजू होती, आणि ती बाजू एका छोट्या, उजव्या बाजूच्या उपचारानं मिटण्यासारखी होती. डावीकडे जायचं तर दोन कप्प्यांमधला पडदा सुईनं भेदावा लागतो. पक्षाघात, हृदयाभोवती रक्त साचणं असे धोके थोडे का होईना वाढतात, खर्चही वाढतो. आण्णांनी उसाच्या हिशेबानं विचार केला: "आधी ही खिंड बगू. भागलं तर भागलं. न्हाई तर पुढचं हायच." गोळी आणि तार अशी जोडून वापरायच्या या पद्धतीला हायब्रिड उपचार म्हणतात. औषधामुळे फ्लटर झालेल्या रुग्णांत ती 1990 च्या दशकापासून वापरात आहे. अट एकच: तार लावून झाल्यावर गोळी सोडायची नाही. सोडली तर बैल गेला तरी काहील पुन्हा उकळणार.

मार्च 2023 मध्ये उपचार झाला. आण्णांनी संध्याकाळच्या अपिक्साबानच्या दोन गोळ्या चुकवल्याचं कबूल केल्यामुळे आधी अन्ननलिकेतून सोनोग्राफी करून डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात गुठळी नाही याची खात्री केली. मी कॅथलॅबमध्ये काचेपलीकडे उभा होतो. जांघेत भूल देऊन शिरेतून तारा वर नेल्या. फेरा नक्की याच खिंडीतून जातो का हे आधी तपासलं. लहरीचा एक फेरा 285 मिलिसेकंदांचा होता. खिंडीतून थोड्या जास्त वेगानं ठोके देऊन थांबल्यावर पुढची लहर जवळजवळ तेवढ्याच वेळानं परत आली. जागा बैलाच्या वाटेवरचीच होती.

मग भाजायला सुरुवात. झडपेकडून महाशिरेकडे तार इंच इंच नव्हे, मिलिमीटर मिलिमीटर मागं ओढत. महाशिरेच्या जवळ आल्यावर आण्णांनी डोळे मिटून घेतले. "चटका बसतोय," इतकंच म्हणाले. तिथे दुखतं. वेदनाशामक वाढवलं. पडद्यावर करवतीचे दात पळत होते. एका क्षणी दोन दातांमधलं अंतर लांबलं, आणखी एक दात उमटला, आणि मग सरळ रेघ. दीडेक सेकंद काहीच नाही. त्यानंतर आण्णांचा स्वतःचा, सावकाश ठोका. खिंड दोन्ही बाजूंनी बंद झाली आहे का हे लगेच तपासलं, अर्धा तास थांबून पुन्हा तपासलं. बंद होती. जांघ दाबून धरून, पाय सरळ ठेवून त्यांना काही तास झोपवलं आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

घरी गेल्यावर

पंधरा दिवसांनी वहिनी एकट्याच आल्या, हातात गोळ्यांची पिशवी. भावकीतले सगळे म्हणत होते की ऑपरेशन झालं, आता कशाला रोज विष खायचं. आण्णांचं मन डळमळत होतं. यावेळी मी कागदावर नुसती औषधं लिहिली नाहीत, तर प्रत्येकीसमोर तिचं काम लिहिलं. फ्लेकेनाइड: उकळी धरते. मेटोप्रोलॉल: नाक्यावर राखण करते, ही नसेल तर फ्लेकेनाइड घ्यायचीच नाही, आधी फोन करायचा. अपिक्साबान: गुठळी होऊ देत नाही, ठोका चांगला असला तरी घ्यायची. वहिनींनी तो कागद दोनदा मोठ्यानं वाचला आणि मगच घडी घातली.

ही शेवटची गोळी लोकांना सगळ्यात कमी पटते. फ्लटर मिटलेल्या रुग्णांपैकी अनेकांना पुढं ए-फिब होतंच, आणि ते दर वेळी धडधडून सांगत नाही. म्हणून ताल आला म्हणजे गुठळीचा धोका गेला, असं समजता येत नाही. किती दिवस घ्यायची हे जोखमीच्या गुणांवर ठरतं, छातीत काय वाटतं यावर नाही.

गोळ्या आणि तार यांच्याइतकंच तिसऱ्या गोष्टीकडे आम्ही लक्ष दिलं, खरं तर उशिरा दिलं. आण्णा प्रचंड घोरायचे. झोपेची तपासणी केली, झोपेत श्वास अडकत होता. रात्री मास्कचं यंत्र लावायला त्यांना दोन महिने लागले, पण लागलं. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमधल्या 2015 च्या लेगसी अभ्यासात दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरवून टिकवलेल्यांचा ताल इतरांपेक्षा कितीतरी चांगला राहिला होता. आण्णांना मी आकडा दिला: 88 चे 79. रात्रपाळीतला चहा आणि शेव कमी, हंगाम संपल्यावरच्या दारूच्या बैठका बंद, चुलवाणाच्या धगीपुढं तासातासाला पाणी. वर्षात 80 पर्यंत आले.

पुढचे सोळा महिने फ्लटर नाही, ए-फिब नाही.

पूर आणि पुढचा टप्पा

जुलै 2024 च्या शेवटी पंचगंगेला पूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गेलं, रस्ते बंद. त्यात आण्णांच्या मुलानं त्यांच्या मनगटावरच्या घड्याळातला ईसीजी फोनवर पाठवला. वेडेवाकडे ठोके, मिनिटाला 96. काहील परत उकळली होती. पण नाडी शंभराच्या आत होती, अपिक्साबान चालू होती, चक्कर नव्हती. घरीच बसायला सांगितलं. नऊ तासांनी ताल आपोआप आला. ऑगस्टमध्ये आणखी दोनदा झालं.

मग डावी बाजू. सप्टेंबर 2024 मध्ये भूल देऊन फुप्फुसशिरांचा उपचार झाला. त्याच वेळी जुनी खिंडही तपासली, ती दीड वर्षानंतरही पक्की बंद होती. उपचारानंतरच्या पहिल्या आठवड्यांत भाजलेल्या जागा सुजलेल्या असतात, तेव्हा आलेला ए-फिब अपयश धरत नाहीत. आधी तीन महिने थांबायचे, अलीकडे आठ आठवडे धरतात. आण्णांना तिसऱ्या आठवड्यात एकदा झालं. त्यांना आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे घरात कुणी घाबरलं नाही.

इथेही भावकीचा प्रश्न तोच: आता तरी गोळी बंद? याचं उत्तर देताना 2018 चा पावडर-एएफ अभ्यास माझ्या मनात होता. फुप्फुसशिरांच्या उपचारानंतर ज्यांनी पूर्वी कमी पडलेली तालाची गोळीच पुढे चालू ठेवली, त्यांच्यात वर्षभरात ताल बिघडायचं प्रमाण 2.7 टक्के, आणि बंद केलेल्यांत 21.9 टक्के. अभ्यास लहान, 153 रुग्णांचा. पण दिशा स्पष्ट आहे: एकटी असताना कमी पडलेली गोळी तारेच्या जोडीला पुरेशी ठरू शकते. वर्षभर गोळी चालू ठेवली, मग फ्लेकेनाइड निम्म्यावर आणली. क्यूआरएस 92 मिलिसेकंद. मेटोप्रोलॉल तसंच.

गेल्या हंगामात मी गुऱ्हाळावर गेलो होतो. आण्णा आता काहिलीपुढं एकटे उभे राहत नाहीत, ज्या गड्यानं त्यांना ओढलं होतं तो शेजारी असतो आणि पाक पारखायला शिकतो आहे. खांबाच्या खिळ्याला प्लास्टिकची डबी टांगलेली होती. आत दोन कप्पे, त्यांवर सुनेनं पेनानं लिहिलेलं. एकावर 'उकळी'. दुसऱ्यावर 'राखण्या'.

मी सवयीनं विचारलं, "आण्णा, गोळ्या कोणत्या घेता?"

त्यांनी पाण्यातून बोटं काढली, पाकाची गोळी अंगठ्याखाली वळली, आणि मान वर न करता म्हणाले, "आधी राखण्या. मग दुसरी."